सीन अडलाय? विचारा! : नव्या पटकथालेखकांचे प्रश्न

मागच्या अंकात पटकथा लिहू पाहणाऱ्यांकडून प्रश्न मागवले होते, तर पत्रं, ईमेल, व्हॉट्सॲप असं सगळं मिळून इतकं आलं की वाचतानाच दमछाक झाली. निम्म्याहून जास्त लोकांनी एकच विचारलंय, मोटिव्हेशन टिकत नाही, काय करू. म्हणून तिथूनच सुरू करते. नावं मुद्दाम छापत नाहीये, कारण बऱ्याच जणांच्या घरी अजून पत्ता नाहीये की पोरगं रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर काय बडवत बसतं.

ताई, मी बार्शीजवळच्या गावातला, वय 24. बी.कॉम. झालंय, घरचा ऊस आहे, शेती बघतो आणि सिनेमा लिहितो. म्हणजे लिहायला घेतो. पाच-सहा स्टोऱ्या सुरू केल्या, एकही पूर्ण नाही. इंटरव्हलपर्यंत भारी जातं, मग दुसरी आयडिया येते आणि तीच जास्त भारी वाटायला लागते. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघितले की दोन दिवस चार्ज असतो, मग पुन्हा तेच. सोबत एक सीन पाठवतोय, जमलाय का सांगा.

सीनकडे येतेच, आधी त्या व्हिडिओंचं बोलू. व्हिडिओ बघून जे बरं वाटतं ना, ते काम झाल्यावर वाटतं तसलंच बरं वाटणं असतं, फक्त काम झालेलं नसतं. म्हणून दोन दिवसांनी ते उतरतं आणि वर अपराधी वाटतं ते वेगळंच. मी काही त्यांच्या विरोधात नाहीये, जेवताना बघ हवं तर, पण लिहायच्या वेळेत नको.

आता इंटरव्हल. तू एकटाच तिथे अडत नाहीस, सगळेच अडतात, आणि त्यात आळसाचा भाग कमी असतो. इंटरव्हलपर्यंत तू फक्त गाठी मारत असतोस. पोरगी गावातून गायब झाली, सरपंचाकडे जुना फोटो सापडला, हिरोचा भाऊ खोटं बोलतोय, मजा येते, कारण अजून कशाचंच उत्तर द्यायचं नसतं. पुढे त्या सोडवायला बसलं की कळतं, आपल्यालाच माहीत नाहीये भाऊ खोटं का बोलतोय. नेमकी तेव्हाच नवी आयडिया येते आणि ती भारी वाटणारच, कारण तिला अजून कागद लागलेला नाही. तर नवी आयडिया आली की वहीच्या मागच्या पानावर चार ओळीत लिही, तारीख टाक आणि परत जुन्या कामावर ये. जी खरंच भारी असेल ती सहा महिन्यांनीही तिथेच असेल.

आणि थेट सीन लिहायला बसू नकोस रे. इंडस्ट्रीत ज्याला वनलाइन म्हणतात ते आधी कर, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सीन, एकेक दोन ओळीत, डायलॉग अजिबात नाहीत. दोन तासाच्या सिनेमाचे साधारण साठ-सत्तर सीन होतात, साध्या रजिस्टरमध्ये मावतात. प्रत्येक सीनसमोर समासात एवढंच लिही, या सीनमुळे कोणाचं काय बिघडलं किंवा कोणाला काय नव्याने कळलं. जिथे समास रिकामा राहील तो सीन बहुतेक नकोच आहे. हे झाल्याशिवाय पहिला सीन लिहायचा नाही. कंटाळवाणं आहे, मान्य, पण शेवट कागदावर दिसत असला की मधल्या पानांची भीती निम्मी होते.

आता तुझा सीन. वाचकांसाठी सांगते : रात्रीची वेळ, साखर कारखान्याबाहेर ट्रॅक्टरांची रांग, थंडी, ड्रायव्हर लोक शेकोटीला बसलेत. मुलगा म्हणतो, 'आबा, मला पुण्याला जायचंय, मला माझं स्वप्न पूर्ण करायचंय, तुम्ही मला कधी समजूनच घेतलं नाही.' आबा म्हणतात, 'मग शेती कोण बघणार?' मग दोघांच्या डोळ्यांत पाणी.

अरे, तुझ्याकडे जी जागा आहे ती अंधेरीत बसलेल्या शंभर जणांकडे नाहीये, आणि त्या जागेत तू कुठल्याही मालिकेतल्या हॉलमधलं भांडण आणून ठेवलंस! शेकोटी काढून सोफा ठेवला तरी सीन तसाच चालतो, हीच त्याची अडचण. कारखान्यावर आधी भरलेल्या ट्रॉलीचं वजन होतं, ऊस खाली केल्यावर रिकाम्या ट्रॉलीचं, आणि मग पावती हातात पडते, बरोबर ना? तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मग सीन रांगेत नको, त्या दुसऱ्या काट्यावर ने. आबांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही म्हणून पावती कायम पोरगा वाचतो. आबा म्हणतात, 'बघ रं, किती भरला.' पोरगा आकडा वाचतो. आबा म्हणतात, 'ठीव तुझ्याकडंच. उद्याच्या खेपंला तूच ये, माझी कंबर धरलीया.' पोरगा पावतीची घडी घालतो आणि आबांच्या शर्टाच्या खिशात सरकवतो. 'तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या.' आबा खिशाकडे बघतात, मग पोराकडे. मागच्या ट्रॅक्टरवाला हॉर्न मारतोय. आबा : 'कवा जायाचंय?' बास, कट.

स्वप्न हा शब्द आला नाही, पुणं आलं नाही, रडणं आलं नाही. भाषा मी अंदाजे लिहिलीये, तुझ्या गावची तू नीट कर. पण पटकथा शिकणं म्हणजे बरंचसं हेच आहे, जे बोलायचंय ते बोलून न टाकता कोणाच्या तरी हातात द्यायचं.

नमस्कार. मी 46 वर्षांची, नाशिकला सहकारी बँकेत आहे, मुलगी बारावीला. कथा लिहिते, दिवाळी अंकांत काही छापून आल्यात. आता पटकथा लिहावीशी वाटते, पण उशीर झाला असं वाटतं, शिवाय वेळ कुठाय, मार्चएंडला तर श्वास घ्यायला फुरसत नसते.

उशिराचं खरं-खोटं वेगळं करू. अंधेरीत रोज मीटिंगा, सेटवर पळापळ, रात्री दोन वाजता चॅनलचा फोन, हे तुम्हाला आत्ता जमणार नाही, आणि असिस्टंट म्हणून तरुण पोरंच घेतात हेही खरं. पण पटकथा वाचणाऱ्याला पानावर लिहिणाऱ्याचं वय दिसत नाही. उलट बँकेच्या काउंटरमागून तुम्ही जी माणसं बघितलीत, कर्जाच्या कागदावर जामीन म्हणून सही करताना भावाचा हात कसा थांबतो वगैरे, ते बावीस वर्षांच्या मुलाला कुठून आणणार?

वेळेचा हिशोब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला कराल. रोज अर्धं पान धरा, 240 दिवसांत 120 पानं होतात, म्हणजे एका सिनेमाचा पहिला ड्राफ्ट. वर्षातले उरलेले सव्वाशे दिवस मार्चएंड, मुलीची परीक्षा, आजारपण, पाहुणे, सगळ्यांना वाटून टाका. मार्चमध्ये लिहूच नका, नुसती टिपणं ठेवा. फक्त एक करा, घरी 'मी सिनेमा लिहितेय' असं जाहीर करू नका, त्याने चेष्टा तरी होते नाहीतर अपेक्षा तरी वाढतात, दोन्ही वाईट. 'साडेपाच ते सहा मला हाक मारायची नाही' एवढंच सांगा आणि पहिले पंधरा दिवस लोक हाक मारतील तेव्हा उठू नका. कुकरच्या शिट्ट्या दुसरं कोणीतरी मोजेल.

कथालेखिकेला अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. तुम्हाला 'तिला वाटलं', 'त्याला आठवलं' लिहायची सवय आहे, पडद्यावर ते दिसत नाही. यासाठी एक अभ्यास करून बघा. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा मिळवा, वाचा, आणि मग तिच्यावरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिलेला 'अर्ध सत्य' बघा, 1983 चा, गोविंद निहलानींचा. कागद घेऊन बसा आणि लिहा की काय गेलं, काय नवीन आलं, मनातलं कुठलं वाक्य कशाच्या रूपात पडद्यावर आलं. दोन रविवार जातील, पण महागडी वर्कशॉप करून जे कळत नाही ते कळेल. मग आपलीच एखादी छापलेली कथा घ्या. दुसऱ्याची घेतलीत तर सरावाला ठीक, पण कोणाला दाखवायची असेल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी, हे विसरू नका.

मॅडम, माझ्याकडे एक कन्सेप्ट आहे जो आजपर्यंत भारतात झालेला नाही. पण चोरतील म्हणून कोणालाच सांगत नाही. कॉपीराइट कसा करायचा? (नांदेड)

तीन वर्षं सांगितला नाहीये असं तुम्ही पुढे लिहिलंय. म्हणजे चोराने जेवढं नुकसान केलं असतं तेवढं तुम्हीच करून ठेवलंत की हो.

चिडू नका, भीती खोटी नाहीये, चोऱ्या होतात. पण कायदा काय म्हणतो ते आधी बघा. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती ज्या प्रकारे मांडली त्यावर असतो. यावर सुप्रीम कोर्टाचा 1978 चा निकाल आहे, आर. जी. आनंद यांचा. त्यांचं 'हम हिंदुस्तानी' नावाचं नाटक होतं, 1956 साली 'न्यू दिल्ली' नावाचा सिनेमा आला, त्यांचं म्हणणं की हे माझ्या नाटकावरून घेतलं. विषय दोन्हीकडे सारखा होता, प्रांतवाद, वेगवेगळ्या प्रांतांतल्या मुलामुलीचं प्रेम. पण कोर्ट म्हणालं की विषय, थीम, कल्पना ही कोणाची मालमत्ता नाही, मांडणीची नक्कल झालीय का ते बघायचं, आणि आनंद हरले. आजही असल्या भांडणात हाच निकाल पुढे येतो.

याचा तुमच्यापुरता अर्थ सरळ आहे. 'भारतात न झालेला कन्सेप्ट' हा दोन ओळींचा असेल तर त्याला संरक्षण जवळपास नाही. तोच सत्तर सीनची पटकथा झाला, माणसं, प्रसंग, संवाद सगळ्यासकट, तर आहे. म्हणून चोरीवरचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे लिहून काढणं, आणि हे मी मोटिव्हेशन म्हणून सांगत नाहीये, वकीलही हेच सांगेल.

कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचाच असतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असं नाही. पण पुरावा हवा. मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे, एसडब्ल्यूए म्हणतात, पूर्वीची फिल्म रायटर्स असोसिएशन. तिचं सभासद व्हायचं आणि पटकथा ऑनलाइन रजिस्टर करायची, तारखेसकट शिक्का पडतो. मगच पाठवायचं, आणि पाठवायचं ते ईमेलने, 'आज आपण भेटलो, अमुक नावाची पटकथा सोबत जोडलीय' असं दोन ओळीत लिहून. दादांना पेनड्राइव्ह देऊन आलो, असलं काही करायचं नाही.

करारावरही थोडं सांगते, कारण चोरीपेक्षा जास्त लोक सही करून बुडतात. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनेच देता येतात, तोंडी नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन समोरच्याने एक वर्ष काहीच केलं नाही तर हक्क लेखकाकडे परत येतात, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. आता वेगळं काही लिहिलेलं असतंच, 'कायमस्वरूपी' आणि 'संपूर्ण विश्वात' असे शब्द मी स्वतः करारांत वाचलेत, मंगळावर मालिका दाखवली तरी आपल्याला विचारायला नको म्हणून! 2012 च्या दुरुस्तीने लेखकाचा रॉयल्टीतला वाटा सहीने काढून घेता येत नाही असं झालं, पण कागदावरचा हक्क आणि खात्यात पडणारे पैसे यात अजून बरंच अंतर आहे. तेव्हा 'परत कधी येणार' हे कलम शोधा, दोन-तीन वर्षांत सिनेमा सुरू झाला नाही तर पटकथा माझी मला परत, एवढं तरी घालून घ्या.

लॅपटॉप नाहीये, मोबाइलवर पटकथा लिहिली तर चालते का? आणि महागडं सॉफ्टवेअर लागतंच का? (चंद्रपूर)

चालते की. गूगल डॉक्समध्ये लिही, देवनागरी नीट राहते, पाठवताना पीडीएफ कर. महागड्या सॉफ्टवेअरात मराठी फॉन्ट कधी कधी इतका गंडतो की वेलांट्या एकीकडे आणि अक्षरं दुसरीकडे. सीनच्या वर नंबर, आत की बाहेर, जागा, दिवस की रात्र. खाली काय दिसतं ते वर्तमानकाळात, पात्राचं नाव, त्याखाली संवाद. बाकी फॅशन आहे. 'एक पान म्हणजे एक मिनिट' हा हिशोब इंग्रजीतल्या 12 पॉइंट कुरिअर फॉन्टवर बसवलेला आहे, देवनागरीत तो जुळतोच असं नाही, त्यामुळे फोनचं स्टॉपवॉच लावून सीन मोठ्याने वाच, मधल्या शांततेसकट. लाज वाटत असेल तर गच्चीवर जाऊन वाच, पण वाच. जीभ जिथे अडखळते तिथे नटाचीही अडखळणार.

मी कोल्हापूरचा, एकांकिका लिहायचो, स्पर्धांत बक्षिसं आहेत. दिवाळीनंतर एका प्रोड्युसरकडे नरेशनला गेलो. दीड तास वाचलं, ते फोन बघत होते, शेवटी म्हणाले 'छान आहे पण कमर्शिअल नाही.' त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. माझ्यात ते नाहीच असं वाटतंय.

दीड तास! अरे, बाप रे. त्या माणसाने फोन बघितला याचं मला फार नवल वाटत नाही, चुकीचं वाटतं पण नवल नाही.

तू एकांकिकेतून आलायस हे लिहिलंयस तिथेच अर्धं उत्तर आहे. तिथे प्रेक्षक अंधारात गप्प बसलेले असतात, स्पर्धेला तर मरमर करून आलेले असतात, हशा-टाळ्या जागच्या जागी मिळतात, पुण्यात पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिराच्या मागच्या रांगांतून आरोळ्या ठोकणारी पोरं असतात. प्रोड्युसरच्या ऑफिसात एसीचा आवाज, मधेच चहावाला, आणि समोरच्याच्या डोक्यात कालच्या सिनेमाचं लाइटचं बिल. तिथे अख्खी पटकथा वाचायची नसते रे, गोष्ट सांगायची असते. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. माणूस कोण, त्याला काय हवंय, ते का मिळत नाहीये, हे पहिल्या तीन मिनिटांत. दोन सीन असे निवडून ठेव जे नीट खुलवून सांगायचे, बाकीचं पळवत न्यायचं, शेवट मात्र सांगायचाच, 'ते सिनेमात बघा' असलं काही नाही. सगळ्या पात्रांचे आवाज काढायची गरज नाही. ऐकायचंय असं वाटलं तर तेच म्हणतील बाउंड स्क्रिप्ट, म्हणजे अख्खी लिहिलेली पटकथा, पाठव.

'कमर्शिअल नाही' या वाक्याचे अर्थ बरेच होतात. बजेट मोठं वाटलं, या विषयाला नट मिळणार नाही, मागचा असाच सिनेमा पडला, किंवा ऐकलंच नाही. त्यातून तुझ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ते वाक्य मुळात अभिप्राय नव्हतंच, निरोप होता. अभिप्राय हवा असेल तर वेगळं काहीतरी कर : तुझी पटकथा न वाचलेल्या दोघा-तिघा मित्रांना गोष्ट सांग आणि चार दिवसांनी त्यांनाच म्हण, मला परत सांगा. ते काय गाळतात ते कान देऊन ऐक, मधे बोलू नकोस. जे सगळ्यांनीच गाळलं ते तुझ्या गोष्टीत बसलेलंच नाहीये, मग ते तुझं कितीही लाडकं असो. 'आवडली का' विचारलंस तर मित्र हो म्हणणारच, त्यांना तुझ्याबरोबर उद्या चहा प्यायचाय.

दिवाळीपासून थांबलायस ते ठीक आहे, लागतं ते. पण आता लिहायला बसशील तेव्हा तीच पटकथा परत उघडू नकोस, दुसरी घे. एकच पटकथा घेऊन फिरणारा माणूस तिच्यावर आलेला प्रत्येक नकार स्वतःवर आला असं समजतो. दोन असल्या की एकीला नकार आला तर तेवढा जीव जात नाही, शिवाय समोरचा हमखास विचारतोच, अजून काय आहे?

आणि तू पत्रात शेवटी लिहिलंस की मराठीत लिहून काय होणार, हिंदीत जावं का. तुला हिंदीत विचार करता येतो का? येत असेल तर जरूर जा, पैसे जास्त आहेत. नाहीतर नको. 2020 साली व्हेनिसच्या महोत्सवात उत्कृष्ट पटकथेचं बक्षीस मिळालं ते मराठी सिनेमालाच, चैतन्य ताम्हाणेंच्या 'द डिसायपल'ला. त्याने आपल्या प्रोड्युसरांचे खिसे मोठे झाले असं नाही, पण भाषेची अडचण होती हे कारण तरी संपलं.

ताई, मी मालिकेसाठी लिहिते, मुंबईत. म्हणजे एका सिनिअर लेखकांसाठी. संवाद मी लिहिते, नाव त्यांचं जातं, पैसे दोन-दोन महिने उशिरा. शिकायला मिळतंय म्हणून गप्प आहे. किती दिवस गप्प राहायचं?

मालिकेत शिकायला मिळतं हे शंभर टक्के खरं. रोज बावीस-तेवीस मिनिटांचा एपिसोड, बँक, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले एपिसोड, संपत आलेली, संध्याकाळी चॅनलचा फोन की नट आजारी आहे, उद्याच्या चारही सीनमधून त्याला काढा. नायगावच्या नाहीतर घोडबंदरच्या सेटवर युनिट बसून आहे आणि तू रिक्षात फोनवर सीन टाइप करतेस. गुरुवारी टीआरपी आला की सोमवारचा ट्रॅक बदलतो. यातून जो वेग येतो आणि 'मूड नाही' हे जे कायमचं विसरायला होतं, ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

पण नाव आणि पैसे हे शिकण्याच्या बदल्यात द्यायचे नसतात. आपल्याकडे कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन वेगळी श्रेयं असतात, त्यामुळे मधल्या मधे एखादं नाव गाळणं फार सोपं जातं. त्यांच्याशी भांडू नकोस, व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाक : 'सर, अमुक एपिसोडपासून संवाद मी लिहितेय, सहलेखक म्हणून माझं नाव कधीपासून जाईल?' उत्तर काहीही येऊ दे, हे लेखी राहतं. पाठवलेला प्रत्येक सीन ईमेलने पाठव. पैसे रोख घेऊ नकोस, बिल दे, टीडीएस कापून खात्यात येऊ दे, कारण उद्या कोणी विचारलं की तू यांच्यासाठी काम केलंस कशावरून, तर इन्कम टॅक्सच्या खात्यात त्या पैशांची नोंद सापडते, हे बऱ्याच मुलींना माहीतच नसतं. एसडब्ल्यूएची सभासद हो, तिथे तंटा सोडवायची समिती आहे.

एक मुदत मनाशी ठरव, समजा दिवाळी. तोपर्यंत नाव लागलं तर छान, नाही तर तेवढ्या अनुभवावर दुसऱ्या टीममध्ये जा, संवाद लिहिणारी माणसं कायम हवीच असतात. आणि एक सांगते, मालिकेचा हात बसला की एकच गोष्ट तीनदा सांगायची सवय लागते, कारण तिथे बघणारी बाई भाजी परतत असते, तिला ऐकूनच कळलं पाहिजे. ते तिथे बरोबरच आहे. पण तुला पुढे सिनेमा लिहायचा असेल तर दर रविवारी एक सीन असा लिहीत जा ज्यात कोणीच बोलत नाही. नाहीतर हात एकाच वळणाचा होतो.

माझा मुलगा पुण्यात आयटीत आहे, चांगला पगार. आता म्हणतोय नोकरी सोडून पटकथा लिहिणार. घरात रोज वाद. मी आई म्हणून काय करू? (छत्रपती संभाजीनगर)

काकू, तुम्ही त्याचं काही वाचलंय का? पत्रात तसं काही दिसलं नाही. आधी ते मागा. 'तू लिहिलेलं मला वाच की' असं म्हणा, वाद न घालता. तो टाळायला लागला, किंवा म्हणाला अजून डोक्यात आहे, तर नोकरी सोडायची वेळ आलेली नाही, हे त्याचं त्यालाच कळेल. आणि त्याने शंभर-सव्वाशे पानं आणून ठेवली तर मात्र ते पोरखेळ नाहीये, तेव्हा त्याच्या बाबांना जरा समजावा.

सोडायचीच असेल तर एक वर्षाचं भाडं आणि खर्च त्याच्या स्वतःच्या खात्यात असू दे, तुमच्या एफडीला हात लावायचा नाही. नव्या लेखकाचं पहिलं मानधन कधी येईल याचा भरवसा नसतो आणि आलं तरी हप्त्याहप्त्याने येतं. आणि तो पुण्यातच आहे हे विसरू नका हो. तिथल्या एफटीआयआय या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखनाचा कोर्स आहे, कुठल्याही शाखेची पदवी चालते, प्रवेशपरीक्षा मात्र द्यावी लागते. शिवाय छोटे कोर्सही असतात, सुट्टी काढून करता येतील असे. त्याला म्हणावं राजीनामा द्यायच्या आधी एखादा छोटा कोर्स करून ये, दिवसभर लिहिणाऱ्या लोकांमध्ये बसून बघ आवडतंय का. लिहिणं आवडणं वेगळं आणि सकाळी दहा ते रात्री आठ तेच करणं वेगळं, काहींना महिन्यात आयटीतल्या रोजच्या स्टँडअप मीटिंगची आठवण यायला लागते, खरंच.

पुढच्या अंकासाठी फक्त सीन मागवतेय, प्रश्न नकोत. तीन पानांच्या आत, एकाच जागी घडणारा, पीडीएफ किंवा हाताने लिहिलेला, दोन्ही चालेल. आधी कुठे दिलेला नसावा. आणि पहिल्या पानावर फोन नंबर लिहा रे बाबांनो. यावेळी एसटी कंडक्टरवरचा एक झकास सीन आला होता, छापायचा होता, पण विचारायचं कोणाला, पाकिटावर पत्ता नाही की काही नाही. ज्याने पाठवला असेल त्याने कळवा.